रोग, भय आणि लोकशिक्षण

साथीचा रोग गावात येतो तेव्हा तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याविषयीची बोलणीही येतात. रोगाचा प्रसार जंतूंमुळे होतो हे खरे. परंतु त्याला आवर घालता येईल की नाही, हे लोक एकमेकांशी काय बोलतात आणि काय बोलण्यास धजत नाहीत, यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. महाराष्ट्राला हा धडा फार पूर्वी, आणि फार मोठी किंमत मोजून, मिळालेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. हेतू रोगी शोधून काढण्याचा होता; फळ मात्र उलटे मिळाले. लोक रोगी लपवू लागले, आणि पुढेपुढे तर मृत्यूही लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडले ते सर्वांस ठाऊकच आहे.

त्याच वर्षी, त्याच पुण्यालगत, सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांस कोणी शिपाई दिलेले नव्हते, आणि त्यांच्यापासून कोणी रोगी लपविल्याचे ऐकिवात नाही. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. रोग्याकडे जाण्याच्या या दोन वाटा एकाच शहरात, एकाच वर्षी दिसाव्यात, हा इतिहासाचा योगायोग खरा. पण तो अर्थपूर्ण योगायोग आहे. पहिल्या वाटेने जाणारा रोग्यास संशयित समजतो. दुसऱ्या वाटेने जाणारा त्यास आपला समजतो.

सव्वाशे वर्षांपूर्वीची ही कथा येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्याच हयातीत एका नव्या रोगाच्या निमित्ताने या देशाने पुन्हा त्याच दोन वाटा चालून पाहिल्या. तो रोग म्हणजे एड्स. त्याविषयीच्या लोकजागृतीचा भारतातील इतिहास अद्याप पन्नास वर्षांचाही झालेला नाही. तथापि तो नीट पाहिला असता असे दिसते की, ज्या ज्या ठिकाणी लोकांस भिवविण्यात आले तेथे अज्ञान वाढले, आणि ज्या ठिकाणी रोगाच्या छायेत वावरणाऱ्या माणसांवरच विश्वास टाकण्यात आला तेथे ज्ञानही पसरले व रोगही हटला. आमचे बहुतेक वाचक शासनाच्या सेवेत, घरापासून दूर, निरनिराळ्या प्रांतांत नेमणुकीवर आहेत. त्यांनी हा इतिहास जाणून घेण्यास एक विशेष कारण आहे; ते शेवटी सांगू.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील एका शासकीय आरोग्य-साप्ताहिकात लॉस एंजल्स शहरातील पाच तरुणांच्या विचित्र फुप्फुसदाहाची हकीकत छापून आली. एड्सच्या लिखित इतिहासाचा आरंभ तेथून धरतात. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक मोंतानिए यांनी त्याचा विषाणू वेगळा करून दाखविला. १९८५ मध्ये रक्ताची चाचणी उपलब्ध झाली. हा विषाणू शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि मातेकडून अपत्याकडे जातो. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने, हात हाती घेतल्याने वा डास चावल्याने तो जात नाही. त्याचा खरा कपटीपणा निराळाच आहे. शरीरात शिरल्यावर तो कित्येक वर्षे गुप्त राहतो. माणूस वरकरणी धडधाकट दिसतो, कामावर जातो, संसार करतो, आणि त्या काळात नकळत दुसऱ्यास रोग देऊ शकतो. प्लेगचा रोगी निदान झडती घेणाऱ्याच्या नजरेस तरी पडे. एचआयव्हीची लागण झालेला माणूस कोणत्याही शिपायास ओळखता येत नाही. तो स्वतःच्या पायाने चाचणीस आला तरच कळणार. अशा रोगापुढे सक्तीचे हत्यार मुळातच बोथट ठरावयाचे. परंतु हे उमगण्यास काही वर्षे जावी लागली.

आरंभी आपल्याकडे एक समजूत दृढ होती : हा पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा रोग, आपल्या संस्कृतीत, आपल्या कुटुंबव्यवस्थेत त्यास थारा मिळणार नाही. या समजुतीस पहिला धक्का १९८६ साली मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, बसला. आणि तो देणाऱ्यांत एक मराठी घरातील कन्या होती. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक होऊन चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात त्या वाढल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. सेल्लप्पन निर्मला नावाच्या आपल्या विद्यार्थिनीस त्यांनी प्रबंधासाठी हाच विषय सुचविला. निर्मलाबाई मूळच्या लहान गावातून आलेल्या, संकोची स्वभावाच्या. वेश्याव्यवसायाच्या आरोपावरून सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांकडे जाऊन त्यांनी रक्ताचे नमुने गोळा केले. पुरेशी साधनसामग्री नव्हती. नमुने काही काळ घरच्या शीतकपाटात ठेवावे लागले. पुढे ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले गेले, आणि त्यांपैकी सहांत विषाणूची लागण आढळली. अमेरिकेतील तपासणीनेही तोच निर्वाळा दिला. त्याच वर्षी मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत ही वार्ता जाहीर केली, आणि आपण या रोगापासून सुरक्षित आहोत हा देशाचा भ्रम संपला.

या शोधाचे महत्त्व थोर आहे. पण त्याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. निर्मलाबाईंनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, रक्त कशासाठी घेतले जात आहे हे त्या बंदिस्त स्त्रियांस सांगण्यात आले नव्हते. आणि सांगितले असते तरी त्यांस ते कळले नसते, कारण एड्स हा शब्दच त्यांनी ऐकलेला नव्हता. म्हणजे देशास ज्यांच्या रक्तातून हे ज्ञान मिळाले, त्याच स्त्रियांपर्यंत ते ज्ञान सर्वांत शेवटी पोहोचावयाचे होते. भारतातील एड्स-जागृतीची खरी अडचण पहिल्याच दिवशी अशी उघडी पडली होती.

शासनाने १९८७ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. परंतु त्या आरंभीच्या काळात भाषा चालली ती भयाची. भित्तिपत्रकांवर कवट्या आणि सापळे आले. एड्स म्हणजे मृत्यू, हे एकच वाक्य लोकांच्या मनावर बिंबले. रोग कसा टाळावा यापेक्षा रोग्यास कसे टाळावे हेच लोक त्यातून शिकले. कायद्यानेही हाच सूर धरला. गोव्यात सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात दुरुस्ती करून अशा रोग्यांस अलग डांबून ठेवण्याची तरतूद केली गेली. १९८९ च्या फेब्रुवारीत तिचा प्रत्यक्ष वापर झाला. डॉमिनिक डिसोझा हा गोव्यातील एक तरुण नियमितपणे स्वेच्छेने रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात विषाणू आढळताच पोलिसांनी त्यास बोलावून घेतले आणि म्हापशातील एका वापरात नसलेल्या क्षयरोग-रुग्णालयात पहाऱ्यात ठेवले. तेथे त्याने ६४ दिवस काढले. त्याच्या मातेने, लुसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिकची सुटका झाली. पण न्यायालयाने कायद्यातील ती तरतूद मात्र वैध ठरविली.

या घटनेतून गोव्यातल्या सामान्य माणसाने काय बोध घ्यावयाचा होता? ज्याने कोणताही मोबदला न घेता रक्त दिले त्यास कैद मिळाली. यानंतर ज्याच्या मनात आपल्या प्रकृतीविषयी किंचितही शंका असेल, तो चाचणीच्या वाटेस कशाला जाईल? "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण आपल्या समाजास तशीही प्रिय आहे. येथे तर सरकारनेच मूठ झाकून ठेवण्यास सबळ कारण दिले. १८९७ च्या पुण्यात जे घडले तेच जवळजवळ शंभर वर्षांनी, आपल्याच स्वतंत्र देशात, आपल्याच अधिकाऱ्यांच्या हातून घडले. १९८९ सालीच संसदेत असेच सक्तीवर भर देणारे एड्स-प्रतिबंधक विधेयक आले होते. त्यास विरोध झाल्याने ते पुढे मागे घेण्यात आले. डॉमिनिकने सुटकेनंतर आपले नाव व चेहरा लपविला नाही. १९९२ मध्ये त्याने रोगग्रस्तांची एक संस्था काढली, आणि त्याच वर्षी तो मरण पावला. भारतात एड्सविषयी रोग्याने स्वतः, उघडपणे बोलण्याची सुरुवात करणाऱ्या अगदी मोजक्या माणसांत त्याची गणना करावी लागेल.

१९९२ हे वर्ष या इतिहासात वळणाचे ठरले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, जिला आपण 'नाको' म्हणून ओळखतो, ती याच वर्षी स्थापन झाली. पुण्याजवळ भोसरीस राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही याच वर्षी उभी राहिली. परंतु खरे वळण कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीत मिळाले. डॉ. स्मरजित जाना हे तेथे रोगप्रसाराची पाहणी करण्यास गेले होते. त्यांनी त्या वस्तीतील स्त्रियांसच आरोग्यसेविका केले. बाहेरच्या डॉक्टराने शंभरदा सांगून जे पटत नसे, ते शेजारच्या खोलीतील मैत्रिणीने एकदा सांगितल्यावर पटू लागले. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. निरोध वापरावा हे त्या स्त्रीस कळले तरी गिऱ्हाईक नकार देई. एकीने हट्ट धरला तर तो दुसरीकडे जाई, आणि हट्ट धरणारीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नसे. म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नव्हता, बळाचा होता. सगळ्याजणींनी एकमताने नकार दिल्यावाचून एकीचे ज्ञान निरुपयोगी होते. त्यातून १९९५ मध्ये 'दुर्बार महिला समन्वय समिती' ही त्यांची स्वतःची संघटना निघाली. १९९२ मध्ये त्या वस्तीत निरोधचा नियमित वापर शेकडा तीनच्या आसपास होता. दशक संपेपर्यंत तो शेकडा ऐंशीच्याही वर गेला.

महाराष्ट्रातही हाच प्रयोग सांगलीत झाला. मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून तेथील वेश्यावस्तीत काम आरंभिले, आणि १९९६ मध्ये त्या स्त्रियांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. ज्यांस समाज रोगाचे मूळ मानीत होता त्याच आता रोगाविषयीच्या शिक्षिका झाल्या. ईशान्येस मणिपुरात रोगाची वाट निराळी होती : तेथे तो मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्या तरुणांच्या सुईवाटे पसरला. तेथेही तुरुंगाने जे साधले नाही ते स्वच्छ सुया पुरविणाऱ्या, आणि स्वतः त्या व्यसनातून गेलेल्या, कार्यकर्त्यांनी बऱ्याच अंशी साधले. कलकत्ता, सांगली आणि मणिपूर यांत भाषेचे, चालीरीतींचे काही साम्य नाही. पण तिन्ही ठिकाणी बोलणारा माणूस ऐकणाऱ्याच्याच बिरादरीतला होता.

रक्ताच्या बाबतीतही याच सुमारास सुधारणा झाली. पैशासाठी रक्त विकणाऱ्यांवर आपली इस्पितळे पुष्कळ काळ विसंबून होती. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहाराविरुद्ध निर्णय दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. तेव्हापासून रक्तपेढीचा भार स्वेच्छेने देणाऱ्यांवर आला. आणि स्वेच्छेने देणारा पुढे यावयाचा तर त्यास पहाऱ्याचे भय असून चालत नाही, हे गोव्याने दाखविलेच होते.

या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची आपल्याकडे परंपराच नाही, असे मानणाऱ्यांस र. धों. कर्वे यांचे स्मरण करून द्यावेसे वाटते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक एकहाती चालविले. त्यांनी नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांच्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. असे असूनही, २००७ मध्ये शाळांतून किशोरवयीनांस शरीरधर्माचे व एड्सचे शिक्षण देण्याची योजना आली तेव्हा तीस विरोध करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता, ही खेदाची गोष्ट होय. मुलांस सांगावयाचे नाही, आणि पुढे त्यांस रोग झाला की त्यांच्या नीतीस दोष द्यावयाचा, हा न्याय कोणता?

सुदैवाने जे शाळेत झाले नाही ते काही अंशी रस्त्यावर झाले. २००२ च्या अखेरीस मुंबईच्या भिंतींवर, बसगाड्यांवर आणि लोकलच्या डब्यांत एक प्रश्न झळकू लागला : बलबीर पाशाला एड्स होईल काय? हा बलबीर पाशा कल्पित. पण आठवड्याभरात चहाच्या टपरीवर त्याची चर्चा सुरू झाली. कवटीचे चित्र पाहून माणूस मान फिरवीत असे. येथे तो थांबून शेजाऱ्यास विचारू लागला. काहींनी या जाहिरातीवर टीकाही केली, आणि तिच्यात पुन्हा स्त्रीकडेच बोट दाखविले जाते हा आक्षेप निराधार नव्हता. तरी ज्या विषयाचे नाव घेण्याचीही चोरी होती तो लोकांच्या तोंडी आला, एवढे श्रेय तीस द्यावेच लागेल. १ डिसेंबर २००७ रोजी, जागतिक एड्स दिनी, दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावरून 'रेड रिबन एक्सप्रेस' निघाली. डब्यांतून प्रदर्शन, समुपदेशक, आणि स्थानकावर उतरून खेडोपाडी जाणारी कलापथके, असा तिचा सरंजाम होता. जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांनी या गाडीच्या स्वागताची व्यवस्था केली होती.

तथापि केवळ बोलण्याने जागृती पुरी होत नाही. ज्याच्यापाशी देण्यास काहीच नाही त्याने लोकांस चाचणीचा उपदेश तरी कोणत्या तोंडाने करावा? विसाव्या शतकाच्या अखेरीस या रोगावर गुणकारी औषधे निघाली होती. पण त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या 'सिप्ला' कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली, आणि साऱ्या जगातील दरांचे गणित बदलले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ती मोफत देण्यास आरंभ केला. आता चाचणीस जाणे म्हणजे मृत्यूची चिठ्ठी आणण्यास जाणे राहिले नाही. औषध नियमित घेणारा माणूस आपले आयुष्य सर्वसाधारणपणे पुरे जगतो. आणि ज्याच्या रक्तातील विषाणू औषधाने इतका घटला की चाचणीतही दिसत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हेही आज सिद्ध झालेले आहे. २०१० च्या मानाने २०२३ मध्ये देशातील नव्या लागणींचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. तरीही सुमारे पंचवीस लाख माणसे आपल्या देशात या विषाणूसह जगत आहेत, आणि ती आपल्या आसपासच आहेत.

येथे आम्ही त्या विशेष कारणाकडे येतो. एका सार्वजनिक उपक्रमातील रोजंदारी कामगारास, तो काम करण्यास पूर्ण समर्थ असतानाही, केवळ रक्तात विषाणू आढळला म्हणून कायम करण्यात आले नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय घटनाबाह्य ठरविला, आणि त्या कामगारास आपले नाव गुप्त ठेवून खटला चालविण्याची मुभाही दिली. हा कामगार कोणा दुष्टाने काढलेला नव्हता. परिपत्रकावर बोट ठेवून, नियमानुसार, फायलीवर सही करून काढलेला होता. पुढे २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही व एड्ससंबंधी कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. संमतीवाचून चाचणी करू नये, रोग्याची माहिती फोडू नये, आणि रोगाच्या कारणाने नोकरी, शिक्षण, निवारा वा उपचार नाकारू नयेत, असे तो सांगतो. शंभर वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार-अधिकारी नेमण्याचेही तो बंधन घालतो. रँडच्या कायद्याने अधिकाऱ्याच्या हाती रोग्याविरुद्ध सत्ता दिली होती. या कायद्याने रोग्याच्या वतीने कर्तव्य दिले आहे. परंतु आपल्या कार्यालयात हा तक्रार-अधिकारी कोण, हे किती जणांस सांगता येईल?

आमचे वाचक कोणी कोहिम्यास असतील, कोणी ऐझॉलास, कोणी रायपुरास वा विशाखापट्टणास. घरापासून दूर राहणारा नोकर, वाहनचालक, जवान, बांधकामावरचा मजूर, या सर्वांच्या एकटेपणाची त्यांस स्वतःच्या अनुभवाने कल्पना आहे. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हाताखालचा एखादा कारकून वा शिपाई ठरावीक दिवशी अर्ध्या दिवसाची रजा मागत असेल. कारण विचारल्यास घुटमळत असेल. कदाचित तो शासकीय रुग्णालयातील केंद्रावर आपल्या गोळ्या आणण्यास जात असेल, कदाचित नसेलही. त्या अर्जावर कारण न खोदता सही झाली, आणि ती गोष्ट शेजारच्या टेबलापर्यंत गेली नाही, तर त्याच्या गोळ्यांत खंड पडणार नाही. त्याला पाहून दुसरा एखादा, ज्याच्या मनात बरेच दिवस शंका आहे, तोही धीर करून चाचणीस जाईल.